पप्पा गाडी पास करतात

मला जुनी स्पोर्ट बाइक घ्यायची होती आणि त्यासाठी लागणारं सगळं माझ्याजवळ होतं. चाकणच्या कंपनीतली पक्की नोकरी होती, बाजूला टाकलेले पैसे होते, लायसन्स होतं, आणि चौतिशी उलटल्यामुळे कुणाची परवानगी मागायचं वयही राहिलं नव्हतं. नव्हता तो फक्त पप्पांचा होकार. तो नसता तरी गाडी दारात आली असती, मला कुणी बांधून ठेवणार नव्हतं. पण मी स्वतःला ओळखते. पप्पा नाराज आहेत हे डोक्यात असताना मला साधी स्कूटर धड चालवता येत नाही, मग असली गाडी वळणावर कशी झोपवणार? होकार हवाच होता, आणि तोही तोंडदेखला चालणार नव्हता.

गाडी मधल्या ताकदीची हवी होती, साडेसहाशे सीसीच्या आसपासची, दोन सिलिंडरची. आठवडाभर काळेवाडीहून भोसरी, मोशी करत चाकणला जायचं आणि वर्षातून काही वेळा ती टेम्पोत घालून दक्षिणेतल्या रेसिंग ट्रॅकवर न्यायची, असा बेत होता. तिथं मी एकदा भाड्याच्या छोट्या गाडीवर शिबिर केलं होतं, आणि परत आल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. हजार सीसीची गाडी म्हणजे मोशीच्या सिग्नलला मांड्या भाजून घेण्याचा महागडा प्रकार. चार सिलिंडरची ऐकायला गोड, पण तिचा सगळा जोर वरच्या आरपीएमला, आणि कंटेनरच्या मागे रखडताना वरचा आरपीएम काय कामाचा? हँडल फार खाली असलं तर मनगटं जातात, फार वर असलं तर ट्रॅकवर पुढच्या चाकाचा अंदाज येत नाही. दोन गाड्या घ्याव्यात तर सोसायटीत पार्किंगची जागा एकच. त्यामुळे दोन्हीकडे चालेल अशी एकच गाडी शोधायची होती. तशी गाडी असते, पण ती सहसा कुणी विकत नाही.

आमच्या सोसायटीत गाडी बनवण्याला हात न लावलेलं घर सापडणं कठीण आहे. पण पूर्ण गाडी कुणीच बनवत नाही. कुणी सीटचा फोम कापतं, कुणी आरसे जोडतं, कुणी वायरिंगच्या जुड्या बांधतं. जन्मभर एकच अवयव बघितल्यामुळे प्रत्येकाला गाडी म्हणजे तेवढाच अवयव वाटतो. तळमजल्यावरचे काका वायरिंगवाले, ते कुणाचीही गाडी दिसली की हेडलाइटच्या मागे बोटं घालतात. मी त्याच रोगाची. ब्रेकच्या डिस्क तपासणं हे माझं काम, त्यामुळे लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या डिस्क आधी बघते आणि मग अक्षता टाकायला आत जाते.

पप्पा पेंट शॉपचे. तरुणपणी मराठवाड्यातून पिंपरीला आले, कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत पेट्रोलच्या टाक्या रंगवत राहिले. आता सकाळी दापोडीच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात जाऊन बसतात. हाताला थिनरचा वास नसला की त्यांना जेवण जात नाही, असं आई म्हणते. त्यांच्या लेखी गाडीला इंजिन असतं, चाकं असतात, ते ठीक आहे, पण गाडीचं चारित्र्य रंगात असतं.

मी बाइकचा विषय काढला तेव्हा ते भांडले नाहीत. भात कालवता कालवता एवढंच म्हणाले, "आधी मी पास करणार. मी पास केली तरच घ्यायची."

मला वाटलं, जिंकले.

पहिली गाडी निगडीला बघितली. मालकाने दारातच सांगितलं, एक हाती वापर, कधी पडली नाही. मी डिस्कवर बोट फिरवलं, काठाला खाच नव्हती. सोबत नेलेल्या मायक्रोमीटरने जाडी बघितली, ती मर्यादेत होती. मी मनातल्या मनात हेल्मेट घातलं होतं. तेवढ्यात पप्पांनी खिशातून बारकं लोहचुंबक काढलं आणि टाकीवरून फिरवायला सुरुवात केली. डाव्या बाजूला ते चिकटलंच नाही, घसरून त्यांच्या तळहातात पडलं.

"इथं लांबी भरलीय," पप्पा म्हणाले. लांबी म्हणजे खड्डा बुजवायचं लुकण. "चांगला पेरूएवढा खड्डा होता. पडली नाही म्हणायलाय ह्यो."

मालकाचा चेहरा उतरला. मग आम्ही हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर ते मधेच अडखळत होतं. गाडी जोरात आपटलेली होती आणि मी नुसती डिस्क बघून भुलले होते. परत येताना मी पप्पांचं इतकं कौतुक केलं की त्यांनी स्कूटरच्या मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर थोपटलं. त्या दिवशी ते सोसायटीभर सांगत सुटले होते.

दुसऱ्या गाडीच्या मागच्या पॅनेलची छटा पुढच्या पॅनेलशी जुळत नव्हती. ते मलाही दिसलं. तिसरीच्या टाकीवर, रंगाच्या थराखाली, एक धुळीचा कण होता. तो मला दिसला नाही. पप्पांनी माझं डोकं धरून वाकवलं, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाकीवर कसं मोडतंय ते दाखवलं, तेव्हा कुठे तीळभर काहीतरी जाणवलं.

"पप्पा, हा कारखान्यातूनच आलेला कण आहे."

"मग कारखान्याने पास करायला नको होती."

पुढच्या गाडीचा रंग उन्हाने उडाला होता. त्यापुढचीच्या टाकीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे होते. प्रत्येक ठिकाणी मालक माझ्याशी बोलायचं सोडून पप्पांशी बोलायचे, गाडी काय पळते ते त्यांना समजावून सांगायचे, आणि पप्पा मान डोलवत टाकी कुरवाळायचे. मी बाजूला उभी राहून जळफळायचे. गाडी घेणार मी, चालवणार मी आणि चौकशी चाललीय पप्पांच्या गुडघेदुखीची. घरी आलो की आई विचारायची, "काय, नापास?" आणि वर म्हणायची, "स्थळं बघताना बापलेकींनी एवढी चौकशी केली असती तर आज घरात जावई असता."

मग वाकडची गाडी आली. मालक आयटीतला तरुण मुलगा, बायकोसह परदेशी निघालेला. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी कव्हर घालून ठेवली होती. मी इंजिनला हात लावून बघितला, थंडगार होतं; आम्ही यायच्या आधी त्याने ते गरम करून ठेवलं नव्हतं, म्हणजे सुरू व्हायला त्रास देत नसावी. एका झटक्यात सुरू झाली. पुढच्या शॉकअपला तेलाचा ओघळ नाही, हँडल लोण्यासारखं फिरतंय, टायर नवे, चेनला ताण बरोबर, डिस्क जणू आमच्याच कंपनीतून सकाळी बाहेर पडलेल्या. पप्पांनी मोबाइलचा दिवा लावला आणि गाडीभोवती फिरायला लागले. खूप वेळ फिरले. चुंबक सगळीकडे चिकटलं. मालक कागदपत्रं आणायला लिफ्टने वर गेला तेव्हा पप्पा उठले, गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले,

"रंग फारच चांगलाय. संशय येतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा आवाज त्या तळघरात घुमला, तेव्हा समजलं की मी ओरडतेय. "तुम्हाला खोट सापडेना म्हणून आता खोट नसण्याचीच खोट काढताय? तुम्हाला गाडीच नकोय, पप्पा! रंगाचं नाव कशाला पुढे करता?"

वॉचमन खुर्चीतून वाकून बघायला लागला. पप्पांनी दिवा बंद केला.

"हो," ते म्हणाले. "नकोच हाय मला. तुला नाही म्हणता येत नव्हतं. रंगाला नाही म्हणता येतं."

ते माझ्याकडे न बघता टाकीच्या दोन्ही बाजूंना, चालवणाऱ्याचे गुडघे टेकतात तिथे, बोट लावत बोलत राहिले.

"गॅरेजात टाक्या येतेत ना, नुसत्या टाक्याच येतेत. माणूस संगं येत नाही. इथं एक खड्डा असतो, अन् इथं एक. दोन गुडघे. सगळ्या तुझ्या त्या चाकणच्या रस्त्यावरच्या. आम्ही लांबी भरतो, घासतो, रंग मारतो, आरशासारखी करून देतो. गुडघे कुणाचे होते ते कुणी सांगत नाही. मी बी इचारत नाही."

मालक कागदपत्रं घेऊन खाली आला तेव्हा आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. मी त्याला म्हटलं, कळवते. कळवलं नाही. घरी येताना स्कूटरवर पप्पांनी माझा खांदा धरला नाही, मागचं हँडल धरून बसले. मला राग होता, पण आता तो त्यांच्यावर काढता येत नव्हता. आजवर मी त्यांना हट्टी म्हणत होते, आणि हा माणूस रोज सकाळी दापोडीला जाऊन अनोळखी गुडघ्यांचे खड्डे बुजवत होता आणि दुपारी घरी येऊन माझ्या गाडीच्या गप्पा ऐकत होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

काही आठवडे घरात गाडीचा विषय निघाला नाही. आईने सुद्धा टोमणे बंद केले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

चऱ्होलीची गाडी मला बाइक चालवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर दिसली. फोटो बघूनच लोक पुढे सरकत होते, कारण मालकाने उजव्या बाजूचाच फोटो आधी टाकला होता आणि उजवी बाजू वरपासून खालपर्यंत खरवडलेली होती. मी एकटीच गेले. चहूबाजूंनी उंच सोसायट्या, मधे एक बैठं घर, अंगण, आणि अंगणातल्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी ती गाडी. आजूबाजूचे टॉवर याच घराच्या जमिनीवर उभे होते. मालक पन्नाशीकडे झुकलेला, गळ्यात चेन, कमरेला पट्टा. जमिनीच्या व्यवहारांत खुर्चीत बसून बसून पाठ गेली, आता डॉक्टर वाकू देत नाहीत, म्हणून विकतोय म्हणाला. आणि मी काही विचारायच्या आत त्याने सगळं सांगून टाकलं.

"पडलीय बरं का ताई. ट्रॅकवरच पडलीय, दोनदा. एकाच अंगाव. लपवून काय करायचं? आमी रस्त्याव चालवलीच न्हाई फारशी. तेल मातुर येळच्या येळी बदललंय, गाडीला काय कमी पडू दिलं न्हाई."

मी सगळं तपासलं, यावेळी डिस्क सर्वांत शेवटी. हँडल सरळ, चाकं एका रेषेत, शॉकअप कोरडे. चऱ्होलीच्या नव्या रस्त्यावर फेरी मारून आले. हात सोडले असते तरी गाडी सरळ गेली असती. खालच्या वेगातही ती कुरकुरत नव्हती, मनगटांवर भार येत नव्हता, आणि वळणावर तिला सांगावं लागत नव्हतं. मला हवी होती ती हीच. मी तोंड भरून हसत परत आले आणि अंगणात गाडी लावताना उजव्या बाजूचे ओरखडे बघून माझं हसू मावळलं. धुळीचा कण चालला नाही, तिथे हे कोण चालवून घेणार?

तरी मी पप्पांना घेऊन गेले. निघताना म्हटलं, "ही शेवटची. तुम्ही नको म्हणालात तर मी परत गाडी बघायला जाणार नाही." बोलून गेले आणि जिन्यातच पस्तावले, कारण मला ते खरोखर पाळावं लागणार होतं.

पप्पांनी शेडमध्ये शिरताच उजवी बाजू बघितली आणि थबकले. मग खाली बसले. चुंबक काढलं नाही, दिवा लावला नाही. नुसता अंगठा ओरखड्यांवरून फिरवायला लागले, पुढून मागे. ओरखडे लांब होते, एकमेकांना समांतर. टाकीवर आले तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात दोन्ही बाजूंना ठेवले, गुडघे टेकतात त्या जागी. तिथे टाकी गुळगुळीत होती.

"कशाला आदळली होती?" त्यांनी मालकाला विचारलं.

"कशालाच न्हाई की ओ. तिथं आदळायला हाय काय? माती अन् गवत. घसरत गेली, थांबली."

"अन् चालवणारा?"

"चालवणारा म्हंजे मीच! उठलो, धूळ झटकली, चालत आलो. च्या पिऊन परत उतरलो ट्रॅकवर." मालक हसला. "बायकूला मातुर चार दिवसांनी सांगितलं."

पप्पा हसले नाहीत. ते पुन्हा पुढून मागे अंगठा फिरवत गेले, एकेक ओरखडा संपतो कुठे ते बघत. मग मला जवळ बोलावलं.

"हे बघ. कुठंच थांबला नाही ओरखडा. कशाला तरी आदळली असती तर इथं तुटला असता, अन् खाली खड्डा आला असता." थोडं थांबून म्हणाले, "इतक्या वर्षांत माझ्याकडं अशी एक बी गाडी आली नाही. ही घसरलीय. आपटली नाही."

मी ट्रॅकबद्दल त्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. तिथे समोरून कुणी येत नाही, दुभाजक नाही, उलट्या बाजूने ट्रॅक्टर येत नाही, पडायला मोकळी जागा सोडलेली असते. ते हं हं करायचे. आता तेच त्यांना त्या ओरखड्यांत दिसत होतं आणि माझ्या बोलण्याची गरज उरली नव्हती.

"तिकडं चालव," ते म्हणाले. "चाकणला नको."

इथे हो म्हणून टाकणं सोपं होतं. पुढे हळूहळू चाकणलाही नेली असती. पण मला त्यांना फसवून गाडी चालवायची नव्हती, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता. "चाकणलाही नेणार पप्पा," मी म्हटलं. "वर्षातून चार दिवस चालवायला मी एवढी गाडी घेणार नाही. मला ती रोज हवीय."

मालक उगाचच ट्रॅक्टरच्या टायरकडे बघत राहिला. पप्पा पुन्हा ओरखड्यांवर वाकले.

शेवटी मालकच मधे पडला. "दादा, रंगाचं म्हणत असाल तर मी ही बाजू रंगवून देतो. नवी कोरी करून देतो, हाय काय अन् न्हाई काय."

"रंगवायची नाही," पप्पा एकदम म्हणाले. इतक्या जोरात, की मालक दचकला. "अजिबात हात लावायचा नाही. आहे तशीच द्या. हे ओरखडे मी बघून ठेवलेत. ह्यात एक जरी नवा आला तर मला कळला पाहिजे."

हा होकार आहे हे माझ्या आधी मालकाला कळलं आणि तो चहा सांगायला आत गेला. मला रडू आलं. पप्पांना ते दिसलं असावं, कारण ते उठून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि तिथे काहीतरी तपासत बसले, तिथे तपासण्यासारखं काही नसताना.

गाडी घरी आली. तळमजल्यावरच्या काकांनी पहिल्याच संध्याकाळी हेडलाइटच्या मागे बोटं घातली आणि वायरिंग बरं आहे म्हणाले. मी ट्रॅकवर जाऊन आले. पडले नाही, आणि चालवलीही मनासारखी. चाकणला रोज जाते. हळू जाते म्हणणार नाही, पण मनात आलं तरी गाडीचा सगळा जोर काढत नाही. तो ट्रॅकसाठी ठेवते.

पप्पा संध्याकाळी पार्किंगमध्ये असतात. माझी शिफ्ट सुटायची वेळ त्यांना पाठ आहे. उशीर होणार असेल तर मी फोन करते, पण फोन केला तरी ते खालीच उभे असतात. मी गाडी लावून हेल्मेट काढेपर्यंत त्यांचा अंगठा उजव्या बाजूवरून, मग डाव्या बाजूवरून फिरून झालेला असतो. मग ते टाकीवर दोन्ही तळहात ठेवतात. सोसायटीतल्या लोकांना वाटतं, पेंट शॉपची सवय जात नाही.

गेल्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली होती आणि मी कंपनीच्या बसने आले. पप्पांना सांगायचं राहून गेलं. मी फाटकातून चालत आत आले तेव्हा ते आमच्या रिकाम्या जागेवर उभे होते. मला चालत येताना बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही.

"गाडी कुठंय?"

"सर्व्हिसिंगला. पप्पा, सर्व्हिसिंगला दिलीय. मी बसने आले."

त्यांनी मान हलवली. पण जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, "हात बघू."

मी बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केले. त्यांनी बाह्या वर सरकवल्या, मला ट्यूबलाइटखाली ओढलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत अंगठा फिरवला, एका हातावर, मग दुसऱ्या. मनगटापाशी अंगठा थांबला आणि पुन्हा कोपराकडे निघाला. मी हसायला लागले होते, ती थांबले.

"चल वर," ते म्हणाले. "आईने ताटं वाढलीत."